आज तिथी कोणती?

हरिहरेश्वरला देवळामागून समुद्राकडे जाणारी प्रदक्षिणेची वाट सुरू होते तिथे एक आजी काकड्या आणि आवळे घेऊन बसल्या होत्या. अकरा वाजून गेले होते, ऊन चांगलंच चटकत होतं आणि एक कुटुंब वर निघालं होतं, नवरा-बायको, दोन मुलं आणि नवऱ्याची आई, नऊवारीतली, हातात पूजेची पिशवी. आजींनी काकडीला तिखटमीठ लावता लावता मान वर न करताच विचारलं, "आज तिथ कंची?" तो माणूस थांबला, त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने सासूबाईंकडे. सासूबाई म्हणाल्या काल पौर्णिमा झाली ना, आज प्रतिपदा. "मंग आत्ता नका जाऊ," आजी म्हणाल्या, "पानी चढतंय. सकाळी सहाला यायचं होतं." तो म्हणाला अहो आजी, बाराला चेकआऊट आहे, पटकन फिरून येतो, दर्शन झालंय तर प्रदक्षिणा कशाला सोडायची. आजींनी परत तेच सांगितलं, त्याच आवाजात. ती माणसं तिथे जरा घुटमळली आणि शेवटी त्याची आईच म्हणाली, चल रे, मी इथूनच हात जोडते, आणि ती खाली उतरायला लागली म्हणून बाकीचेही उतरले.

घडलं एवढंच.

पण उतरताना तो माणूस बायकोला म्हणाला, "लोक कुठेकुठे ही तिथी-बिथी मध्ये आणतात." त्याला वाटलं आजी मुहूर्त सांगतायत. हे वाक्य मला माणगावच्या ट्रॅफिकमध्ये आठवलं, ताम्हिणीत आठवलं, घरी येऊन बॅग रिकामी करताना आठवलं. तो माणूस काही वाईट नव्हता, आईचा हात धरून उतरवत होता, मुलांना पाणी देत होता. पण त्या आजी त्याला त्या दिवसाचं पाण्याचं वेळापत्रक सांगत होत्या, अगदी तास धरून, आणि ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. पोचलं ते फक्त त्याच्या आईला, आणि तिलासुद्धा ते देवाच्या भाषेत पोचलं असेल कदाचित. मला वाईट वाटलं ते याचं.

कोकणात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना हा हिशोब माहीतच असतो, तरी लिहिते. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. जुन्या लोकांना पाऊणकीचा पाढा पाठ असायचा त्यामुळे त्यांना बोटंही मोजावी लागत नसत. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती, दुपारी आणि रात्रीसुद्धा. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती आणि बाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. यात चमत्कार काही नाही, चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागे मागे तेवढंच सरकतं, पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, पाच मिनिटांचाच काय तो फरक. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, खाडीत आत गेलं की आणखी उशीर होतो. पण ज्यांनी हे बसवलं त्यांच्याकडे ना भरतीचे तक्ते होते ना अॅप, वर चंद्र होता आणि खाली पाणी होतं, आणि दोन्हीकडे रोज बघायची सवय होती. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती. म्हणजे त्या माणसाने अकराला वाट धरली असती तर तो दर मिनिटाला चढत्या पाण्यात उतरत गेला असता, आणि तेही पौर्णिमेनंतरच्या उधाणात.

उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं पाणी, तेव्हा भरतीही मोठी आणि सुकतीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. आता पाऊणकी लावून बघा, आपल्या किनाऱ्यावर उधाणाचं पाणी नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्रीच भरतं, आणि खोल सुकती नेहमी पहाटे नाहीतर संध्याकाळी. मला ही गोष्ट कळली तेव्हा लहानपणीचं कितीतरी एकदम लागलं, की मामी अमावस्येच्या आसपासच पहाटे पहाटे का उठवायची. आणि आत्ताचंही लागलं. म्हणजे आपण पौर्णिमेच्या वीकेंडला बीचवर चांदणं बघायला म्हणून येतो, रात्री उशिरा झोपतो, नाश्ता करून अकरा-बाराला खडकांवर जातो, नेमक्या महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या पाण्याला.

हरिहरेश्वरच्या त्या वाटेवर मी सुकतीला गेलेय. दोन कातळांच्या मधल्या चिंचोळ्या गल्लीतून पायऱ्या उतरतात, दोन्ही बाजूंनी थंड दगड, वर आभाळाची एक पट्टी, आणि खाली उतरल्यावर एकदम समुद्र. त्या बाजूचा कातळ लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने असा कोरलाय की मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी झालीय, बोट घातलं तर आत मिठाची बारीक पूड लागते. माणसं तिथे हरखून जातात आणि ते बरोबरच आहे, मीही हरखते. पण तिथे उभं राहून एकदा मागे वळून भिंतीकडे बघावं. आपल्या डोक्याच्या वरपर्यंत कातळाचा रंग वेगळा आहे, काळपट, ओलसर, आणि त्याच्या वर कोरडा. तो कातळ कुणी रंगवलेला नाही. पाणी तिथपर्यंत येतं.

माझं आजोळ देवगडकडचं. मामी कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले धारदार शिंपले, काढायला खडपावर, किनाऱ्यावरच्या कातळावर जायची आणि सुट्टीत मी तिच्या मागे लागायचे. पहाटे अंधारातच निघायचो, साडी वर खोचलेली, कमरेला ती छोटी टोकदार लोखंडी पट्टी आणि हातात ॲल्युमिनियमची तपेली. खडपावर पोचेपर्यंत उजाडलेलं असायचं आणि पाणी इतकं मागे गेलेलं असायचं की वाटायचं समुद्र आज कुठे गावाला गेलाय. शेवाळाचा तो वास, थोडा कुजका, थोडा गोडसर, अजून नाकात आहे. मामी मला दोनच गोष्टी सांगायची. "हिरव्यार पाय ठेव नको," ही पहिली, कारण हिरव्या शेवाळावर पाय गेला की माणूस गेलाच, आणि पडला की खाली कालवांच्या धारा, ब्लेडने कापावं तसं कापतं आणि ते लवकर भरूनही येत नाही. काळ्या खडबडीत कातळावर, जिथे बारीक शिंपले चिकटलेले असतात, तिथे पाय धरतो. आणि दुसरी गोष्ट तिने बोलून सांगितली नाही, दाखवली.

मी समुद्राकडे तोंड करून बसले होते. पाणी लांब होतं, खडपाच्या पार टोकाला, छान वाटत होतं. मामीने माझी हनुवटी धरून मान मागे वळवली. किनारा आणि आम्ही बसलो होतो तो खडप, याच्यामध्ये एक खोलगट घळ होती, येताना कोरडी होती, नुसते खेकडे पळत होते त्यात. आता त्यात पाणी होतं. पायाच्या घोट्याइतकं असेल. "पाणी फुडसून नाय येना, पाठसून येता," मामी म्हणाली आणि कामाला लागली. घळीच्या कडेला एक बसका गोल दगड होता, त्याच्या बुडाला पाणी लागलं की ती उठायची. मग समोर कालवांनी भरलेला कातळ असला तरी उठायची, हातातलं शेवटचं कालव अर्धं सुटलेलं असलं तरी. आम्ही घळ ओलांडायचो तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याला आणि तिच्या पोटरीला असायचं आणि ओलांडून आलं की ती मागे वळूनसुद्धा बघायची नाही, सरळ घरी, चूल पेटवायला. मी मात्र कधी कधी वर पायवाटेवर थांबून बघायचे. तासा-दीड तासात ती घळ मोठ्या माणसाच्या कमरेइतकी भरायची आणि आम्ही बसलो होतो तो खडप अजूनही वर, कोरडा, उन्हात, चारी बाजूंनी पाण्यात.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की पाणी सहा तास भरतं पण सारखं भरत नाही. पहिल्या तासात सगळ्या चढाचा जेमतेम बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं, मग परत हळू. म्हणजे सुकतीला खडपावर जाऊन बसलेल्या माणसाला पहिला तासभर वाटतं की काही होतच नाहीये, तो आणखी निवांत होतो, डबा उघडतो, मुलं डबक्यातले मासे बघत बसतात, आणि ज्या वेळेला त्याची सगळ्यात जास्त खात्री पटलेली असते की इथे काही धोका नाही, त्याच वेळेला पाणी सगळ्यात वेगाने यायला लागतं. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं, मालवणकडे जाल तसं ते कमी कमी होत जातं, पण दोन मीटर पाणी म्हणजेही माणसाच्या डोक्यावरून जातं. दोन डोंगराच्या सोंडांमध्ये अडकलेल्या ज्या छोट्या छोट्या पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे आहेत, ज्या हल्ली रील्समध्ये 'सिक्रेट बीच' म्हणून दाखवतात, तिथे खडकांना वळसा घालून जायची वाट फक्त सुकतीत असते. जाताना पाय ओला होत नाही. येताना वाटच नसते. मागे जांभ्याचा कडा, जो वरून भक्कम दिसतो पण खालून लाटांनी पोखरलेला असतो, त्यावर चढणं म्हणजे आणखी भलतंच.

म्हणून सुकती पूर्ण व्हायच्या आधी दोन तास उतरायचं, उतरत्या पाण्याबरोबर पुढे जायचं आणि पाणी थांबलं की आपण परतायचं. परतीची वाट कुठून आहे आणि तिच्यात खोलगट जागा कुठे आहे हे जातानाच बघून ठेवायचं.

लाटांचं वेगळं आहे. भरतीचा हिशोब लागतो, लाटांचा तसा लागत नाही. लाटा घोळक्याने येतात, बराच वेळ बारीक बारीक, मग अचानक तीन-चार मोठ्या, मग परत शांत. खडकाच्या टोकावर सेल्फी काढणारा माणूस त्या शांत वेळेत आलेला असतो आणि त्याची पाठ समुद्राकडे असते. खडकावर जायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं लांब बसून नुसतं बघावं. मोठ्यात मोठी लाट कुठवर येते ते बघावं आणि त्याच्याही बरंच मागे राहावं. खडक ओला दिसतोय आणि पाऊस नाही, म्हणजे थोड्या वेळापूर्वी तिथे लाट येऊन गेलीय, एवढं साधं आहे. आणि वारा नाही म्हणून समुद्र शांत असेल असंही धरू नये. एप्रिल-मे मध्ये कधी कधी इथे पान हलत नसतं आणि लाटा मात्र जाड, लांब, एकामागून एक येत असतात. त्या इथल्या नसतातच, पार दक्षिण हिंदी महासागरात वादळं होतात आणि तिथून निघालेल्या लाटा काही दिवसांनी आपल्याकडे पोचतात. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे, ती अशा लाटांचे इशारे आधी देते, त्यांच्या साईटवर जिल्ह्याप्रमाणे बघता येतात. बंदरावरच्या लोकांना ते माहीत असतं. हॉटेलात उतरलेल्यांपैकी कुणाला माहीत असलेलं मी तरी अजून बघितलेलं नाही.

आणि ओढ. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्याने जाताना वर चढावर सगळे गाड्या थांबवून फोटो काढतात ना, तिथून खाली नीट बघा. लाटांच्या पांढऱ्या रेघा किनाऱ्याला समांतर येत असतात आणि मध्येच एखाद्या ठिकाणी ती रेघ तुटलेली दिसते. तिथे फेस नाही, पाणी जरा गडद, वरवर अगदी शांत. खाली पुळणीवर उभं राहिलेल्या माणसाला लहान मुलांना न्यायला तीच जागा बरी वाटते कारण तिथे लाटा फुटत नाहीत. पण लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं सगळं पाणी परत जायला वाट शोधतं आणि त्याने वाळूत खणलेली वाट म्हणजेच ती शांत जागा. तिथे पाणी आत ओढतं, आणि जोरात असलं तर ऑलिम्पिकमधल्या पोहणाऱ्यालाही त्याच्या उलट येता येत नाही. गणपतीपुळ्यासारख्या उतरत्या पुळणीवर तर चार पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला येतं. आमच्याकडे सगळे विहिरीत पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, आणि विहिरीत शिकलेल्या माणसाचा स्वतःच्या हातांवर फार विश्वास असतो, कारण विहिरीतलं पाणी कुठे जात नाही. समुद्रात तो किनाऱ्याच्या दिशेने जीव तोडून हात मारतो आणि दमतो. दमणं हेच मारतं. ओढ माणसाला खाली नेत नाही, लांब नेते. अंग सैल सोडून पाठीवर तरंगत राहायचं, हात वर करून हाक मारायची, आणि जमलं तर किनाऱ्याच्या दिशेने न जाता किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं, ती वाट अरुंद असते, तिच्यातून बाहेर पडलं की लाटाच परत आणून सोडतात. हे वाचताना सोपं वाटतं. तोंडात खारं पाणी गेल्यावर आठवायला हवं असेल तर ते कोरड्या जमिनीवर मुलांना परत परत सांगितलेलं असायला लागतं, मी सांगते, ती कंटाळतात, तरी सांगते.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडला कॉलेजच्या सहलीतली १४ मुलं बुडाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या कॉलेजातले आठ जण. त्या बातम्या मला अजून वाचवत नाहीत. फेब्रुवारी आणि एप्रिल, पावसाळा नाही, वादळ नाही, ऊन पडलेलं, समुद्र निळा. आणि अशा बहुतेक घटनांत एकाला धरायला दुसरा गेलेला असतो, दुसऱ्याला धरायला तिसरा. आपला माणूस समोर बुडत असताना किनाऱ्यावर उभं राहायला सांगणं किती क्रूर आहे ते मला कळतं. पण बुडणारा माणूस समोर जे येईल ते खाली दाबून वर यायला बघतो, ते त्याच्या हातात नसतं. पाण्याचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून फेकला तर त्यावर माणूस तरंगतो, गाडीतली स्टेपनी तरंगते, दोरी असेल तर उत्तमच. एकाने नजर हलू न देता बुडणाऱ्याकडे बोट दाखवून उभं राहायचं, दुसऱ्याने जीवरक्षकाला आणि होडीवाल्यांना ओरडून बोलवायचं, ११२ ला फोन लावायचा, तटरक्षक दलाचा नंबर १५५४. सहलीला निघताना थर्मास, चादरी, बॅडमिंटनच्या रॅकेटी सगळं आठवणीने घेतो आपण, त्यात वीसेक मीटर नायलॉनची दोरी ठेवायला काय हरकत आहे.

पावसाळ्याचं तर मी काय बोलू. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या मेअखेरीलाच थांबतात. ज्याचं पोट समुद्रावर आहे, ज्याच्या आज्यापणज्याने हेच केलं, तो माणूस नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पाण्याची परवानगी मागितल्याशिवाय होडी लोटत नाही. आणि त्या झाकलेल्या होडीला टेकून कपडे काढून ठेवतात आणि लोक जुलैच्या पाण्यात शिरतात. खाडीच्या तोंडाशी तर त्या दिवसांत नदीचं पुराचं पाणी आणि सुकतीची ओढ एकत्र असते. मला याचा राग येतो, खरंच येतो, आणि मग त्या मुलांचे चेहरे बघितले की राग राहत नाही, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघतायत ती, सोलापूरहून, लातूरहून, रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आलीयत. त्यांना कोण सांगणार होतं?

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटर, किल्ला आणि पद्मगडच्या आसपासचे खडक धरून. तिथे पाण्याखाली पोवळं आहे, आणि पोवळं वन्यजीव कायद्याखाली वाघाइतकंच संरक्षित आहे, तुकडा उचलून आणला तरी गुन्हा. हे सांगितलं की लोक ऐकतात, कारण दंड आहे. सुकतीच्या घट्ट वाळूवर गाडी घालू नका हेही सांगितलं तर हल्ली ऐकतात, कारण भरतीत अडकलेल्या एसयूव्हीचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. पण पाण्याच्या वेळेबद्दल सांगितलं की चेहरे कोरे होतात.

मला वाटतं आपण समुद्राबद्दल दोनच प्रकारे बोलतो, 'पोहण्यास सक्त मनाई आहे' असा गंजलेला बोर्ड, नाहीतर 'काही होत नाही रे, चल'. बोर्ड वर्षभर तेच म्हणतो, डिसेंबरमधल्या भांगातही आणि जुलैमधल्या उधाणातही, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा विश्वास उरत नाही. मामीला कुणी मनाई केली नव्हती आणि ती घाबरटही नव्हती, तिला फक्त किती वाजले ते माहीत असायचं. आणि हरिहरेश्वरच्या त्या आजींना त्या माणसाच्या चेकआऊटचं काही करता येत नव्हतं, पण हॉटेलवाल्याला येत होतं की. आदल्या रात्री चावी देताना तो म्हणाला असता, उद्या प्रदक्षिणा करायची असेल तर सहाला निघा, चहा साडेपाचला ठेवतो, तर पाचही माणसं पहाटेच्या गार वाऱ्यात ती जाळी बघून आली असती आणि अकराला घावन खात बसली असती.

गुहागरकडे एका घरगुती खानावळीत मी हे बघितलंय. भिंतीवर काळा फळा, वर बांगडा थाळी आणि सुरमई थाळीचे भाव, सोलकढी वेगळी, आणि खाली खडूने लिहिलेलं, आज सप्तमी, भरती सव्वापाच, सुकती सव्वाअकरा. मालकीणबाई रोज सकाळी पुसून नवीन लिहितात. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाहुणे विचारतात हे काय, मग सांगते, सांगितलं की जातात बरोबर वेळेला." त्यांच्या टेबलावर ठाण्याची दोन पोरं जेवता जेवता उद्याची भरती काढत बसली होती, अष्टमीचे सहा लगेच आले, दशमीला अडकली, दहा पाऊणे किती यावर वाद चालला होता. साडेसात, मी सांगितलं. मग त्यांनी एकादशी स्वतः काढली.

पुढच्या महिन्यात माझी भाचरं देवगडला येतायत. ग्रुपवर मेसेज टाकलाय, कणकवलीला कुठल्या गाडीने उतरायचं, सोबत जुने बूट आणा, फ्लोटर्स चालतील पण स्लीपर नको. त्याच्या खाली लिहिलंय, शनिवारी षष्ठी, साडेचारला भरती, सुकती साडेदहाला. खडपावर साडेआठला उतरायचं आणि अर्धा तास हाताशी ठेवून दहालाच वर यायचं. भांग जवळ आलाय त्यामुळे पाणी फार मागे जाणार नाही आणि कालवं थोडीच मिळतील, भरपूर हवी असतील तर अमावस्येपर्यंत राहा.